आवणीच्या रविवारी घेतलेली हजेरी : विश्वस्त मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या कार्यालयातून आलेले पत्र आमच्या मंडळीत उपासनेनंतर वाचून दाखवण्यात आले. रविवारची सरासरी उपस्थिती अत्यल्प असल्यामुळे येत्या १ एप्रिलपासून गावातील साप्ताहिक उपासना बंद करून महिन्यातून एकदाच उपासना ठेवावी, सभासदांनी आपली नावे तालुक्याच्या ठिकाणच्या मंडळीत वर्ग करून घ्यावीत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या आणि प्रभुभोजनाची भांडी कार्यालयात जमा करावीत, आणि आवारातील जागेच्या सुयोग्य वापराबाबत पुढे निर्णय घेण्यात येईल, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्राला मंडळीच्या वतीने दोन वेळा लेखी उत्तर पाठवले. पोचसुद्धा आली नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. विश्वस्त मंडळाचे, गावाचे किंवा पंथाचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही, कारण मला कोणाला चारचौघांत उभे करायचे नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेल, आणि नाशिक जिल्ह्यातल्या इतर खेड्यांतल्या मंडळ्यांनाही आपलेच वाटले तर नवल नाही.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. राहते नाशिकमध्ये, पण माझा बाप्तिस्मा, माझे लग्न आणि माझ्या आईवडिलांचे दफन ही सगळी त्या गावातल्या आमच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारातली आहेत. माझी आजी मिशनच्या काळात बायबलबाई, म्हणजे घरोघरी वचन वाचून दाखवणारी बाई, म्हणून वाड्यावाड्यांत पायी फिरत असे.

प्रथम हजेरीविषयी. ज्या एका भेटीवरून आमची उपस्थिती ठरवण्यात आली, ती जुलैच्या दुसऱ्या रविवारी झाली. त्या दिवशी देवळात चौदा माणसे होती, हे खरे आहे. त्या चौदांत मीही होते आणि बाकीच्यांपैकी बहुतेक एकतर म्हातारी होती किंवा दहा वर्षांच्या आतली. आमच्याकडे, म्हणजे इगतपुरी तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या सिन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, तो आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, भर असतो. भाताची रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची झाली आणि खाचरांत पाणी साठले की रोप थांबत नाही, पाणीही थांबत नाही. आवणी सावडीने होते. आज मी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही माझ्या. ज्याने सावडीचा दिवस चुकवला त्याच्या खाचरात पुढे कोणी उतरत नाही, मग तो कोणत्याही कारणाने चुकवलेला असो. जुलैतल्या त्या दोन-तीन रविवारी आमच्या देवळात चौदा माणसे असतात, हे माझ्या आजीच्या वेळचे पाळकसुद्धा जाणून होते, आणि म्हणून ते आवणीच्या दिवसांत उपासना पहाटे साडेपाचला घेत असत. मोजणीसाठी आलेल्या गृहस्थांनी चिखलामुळे गाडी मुख्य रस्त्यावर ठेवली होती आणि ते छत्री धरून चालत आले होते, तेव्हा पावसाळा आहे ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नसेल असे म्हणवत नाही.

तीच मोजणी नोव्हेंबरात, भात झोडून घरात आल्यावरच्या सुगीच्या उपासनेला झाली असती, तर वेगळी दिसली असती. त्या दिवशी वेदीपुढे तांदळाची गाठोडी, नागली, खुरासणी, भोपळे, कोंबड्या असे अर्पण येते आणि उपासनेनंतर आवारातच त्याचा लिलाव होतो. आत जागा पुरत नाही म्हणून पडवीत सतरंज्या टाकाव्या लागतात. त्या दिवसाचा आकडा मी इथे देत नाही, कारण सणाची गर्दी दाखवून रोजची ताकद सिद्ध करणे हेही आवणीच्या हजेरीइतकेच अर्धवट होईल.

माझे म्हणणे असे आहे की हे देऊळ ज्या गावात उभे आहे त्या गावापुरते ते कधीच नव्हते, आणि आपण ते तसे समजून मोजले आहे. गावात ख्रिस्ती घरे थोडी आहेत. उरलेली घरे सिन्नर-घोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या खेड्यांत आणि वाड्यांत आहेत. या माणसांचे जगणे तीन-चार बाजारगावांत वाटलेले असते. भात घोटीच्या गिरणीवर जाते. सिन्नर तालुक्यातल्यांना तहसील, कोर्ट आणि तालुक्याचे कागद यांसाठी सिन्नरला जावे लागते. पांढुर्लीहून वळून भगूर-देवळालीकडे गेले की रेल्वे आणि दवाखाना. मुंबई-आग्रा महामार्गावरचे गोंदे आणि वाडीवऱ्हे इथे तरुण मुले कारखान्यांत आहेत, काही मुली सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जातात. या सगळ्या वाटा जिथे एकमेकींना जवळ येतात तिथे आमचे देऊळ आहे. मिशनच्या लोकांनी जागा निवडताना नकाशा पाहिला होता की पाणी पाहिले होते, कोण जाणे. पण निवड चुकली नाही.

‘तालुक्याच्या ठिकाणी नावे वर्ग करावीत’ हे वाक्य कार्यालयात बसून लिहायला सोपे आहे. कोणत्या तालुक्याच्या? आमच्या मंडळीची जवळपास निम्मी घरे इगतपुरी तालुक्यात आहेत आणि निम्मी सिन्नर तालुक्यात. हद्द काही ठिकाणी शेताच्या बांधावरून जाते. सख्ख्या भावांपैकी एकाने पश्चिमेला आणि दुसऱ्याने पूर्वेला उपासनेला जावे, असा याचा अर्थ होतो. शिवाय आडवाटेच्या वाडीवरून रविवारी सकाळी दहाच्या उपासनेला शहरात पोहोचायचे म्हणजे दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि परतीची गाडी दुपारी मिळाली तर मिळाली. एस.टी.ने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत केला आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट दिले, याबद्दल आमच्या आजीबाया सरकारला दुवा देतात. पण गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय, हेही त्याच विचारतात. अर्थात ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे ते जातील. म्हणजे म्हातारे, आजारी आणि लेकुरवाळ्या मागे राहतील, आणि पुढच्या मोजणीत त्यांचा आकडाच नसेल.

तरुण पोरे उपासनेला येत नाहीत, असेही आपल्या पत्रात एक वाक्य आहे. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी प्रत्येक ठिकाणी रविवारी नसते, आणि शिफ्ट दर आठवड्याला फिरते. रात्रपाळी करून सकाळी सातला उतरलेला मुलगा नऊच्या उपासनेला बसला तर दुसऱ्या वचनाला झोपतो. मी स्वतः पाहिले आहे आणि त्याला उठवू दिले नाही. या मुलांनीच गेल्या वर्षी बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेची बैठक सुरू केली. तिची हजेरी कोणत्याही वहीत लागत नाही, कारण ती ‘उपासना’ या सदरात बसत नाही. तसेच एका बाजारगावचा आठवडे बाजार रविवारी असल्यामुळे भाजीपाला विकणारी घरे अर्धी उपासना टाकून उठतात. टोपल्या देवळाच्या ओट्यावरच ठेवलेल्या असतात. पाळकांना ते चालते. आपल्याला चालत नसेल तर उपासनेची वेळ बदलता येते, त्यासाठी देवळाला कुलूप लावावे लागत नाही.

आता ज्यांची मोजणी होऊच शकत नाही त्यांच्याविषयी थोडे लिहिते. आमच्या देवळात भजनाला तबल्यावर बसणारे बुवा ख्रिस्ती नाहीत. ते गावच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाचे वादक. तीस वर्षांपूर्वी आमचा तबलजी वारला तेव्हा एका नाताळापुरते म्हणून आले आणि मग येतच राहिले. मराठी ख्रिस्ती भजन अभंग-ओवीच्या चालीवर बसते, त्यामुळे त्यांना वेगळे काही शिकावे लागले नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ही वाट शंभर वर्षांपूर्वी घालून दिली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्याच गोदाकाठच्या जलालपूरच्या. परकी चाल सोडून आपल्या मातीची चाल धरावी हे ज्यांनी सांगितले, त्यांच्या पत्नीच्याच जिल्ह्यात त्या चालीवर ठेका धरणारा माणूस हजेरीत धरायचा की नाही, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवते. सप्ताहाच्या दिवसांत आमची बाके आणि सतरंज्या मंदिरात जातात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. तिकडे जाणाऱ्या दिंड्यांपैकी एक दिंडी दर वर्षी आमच्या आवारात दुपारचा विसावा घेते, कारण रस्त्यालगत सावली आणि गोडे पाणी देणारी विहीर तिथेच आहे. महिन्यातून एकदाच फाटक उघडणार असेल तर दिंडीने त्या तारखेलाच यावे असे कळवायचे का?

नोंदवह्यांचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. या वह्या कार्यालयात जमा करण्यामागे त्या सुरक्षित राहाव्यात असा हेतू असेल, तर तो चांगला आहे. आमच्याकडे त्या लाकडी कपाटात आहेत आणि एका वहीच्या शेवटच्या पानांना वाळवी लागलेली आहे, हे मी लपवत नाही. पण या वह्या म्हणजे जुने रद्दीचे कागद नव्हेत, आणि शोभेच्या वस्तूही नव्हेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे, आणि त्यापूर्वी खेड्यात जन्माची सरकारी नोंद झालीच असेल याचा भरवसा नसे. पण बाप्तिस्मा झाला की वहीत तारीख, आईबापांचे नाव, गाव आणि धंदा लिहिला जाई. आज जातपडताळणीसाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. शाळेचा दाखला सापडला नाही की आमच्या भागातली माणसे देवळाकडे येतात. त्यांत ख्रिस्ती नसलेलीही असतात, कारण आजोबांच्या भावाने कधीकाळी बाप्तिस्मा घेतलेला असतो आणि घराण्याचे नाव व गाव त्या एका ओळीत सापडते. अशा माणसाला ‘नाशिकला कार्यालयात अर्ज करा’ म्हणून सांगितले की काय होते, ते मी नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ पाहिले आहे. एक दिवसाची मजुरी बुडते, संबंधित माणूस जागेवर नसतो, आणि तिसऱ्या खेपेला तो माणूस पुरावाच सोडून देतो.

दफनाच्या वहीत १९१८ च्या सालची पाने मी लहानपणी पाहिली आहेत. त्या वर्षी मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली होती. एरवी वर्षाला एखादे पान भरते. त्या साली पावसाळ्यानंतरच्या नोंदी ओळीला ओळ लागून आहेत, अक्षर मध्येच बदलते आणि पुढच्या पानावर आधीच्या अक्षराच्या माणसाचेच नाव आहे. काही नोंदी मोडी लिपीत आहेत. हे पान ज्या गावात लिहिले गेले त्या गावात ते उघडून पाहता आले पाहिजे. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक पानाचे नीट छायाचित्र घ्यावे, त्याचा एक संच नाशिकला ठेवावा, एक गावात ठेवावा, आणि मूळ वह्या हलवायच्याच असतील तर पानांची संख्या लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी हलवाव्यात. छायाचित्रांचे काम मंडळीतली दोन मुले फुकट करायला तयार आहेत. मोडी वाचणारा माणूस मात्र शोधावा लागेल.

जागेविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण लिहिले की संशय घेतला असे होते. तरीही लिहिते. समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर या दोन्ही तालुक्यांतून गेला आणि रस्त्यालगतच्या जमिनीला जो भाव आला तो आमच्या भागात कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता. देवळाचे आवार, जुन्या शाळेची पडकी इमारत आणि मागची दफनभूमी मिळून ती जागा आता कोणाच्याही डोळ्यात भरेल अशी आहे. ‘सुयोग्य वापर’ या दोन शब्दांनी मंडळीत जी कुजबुज सुरू झाली आहे ती आपल्या कानांवर आलीच असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे, बक्षीस देणे, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे आपण जाणताच. ती परवानगी मागितली आहे का, मागणार आहात का, एवढेच एका ओळीत कळवावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर ते मी स्वतः उपासनेत वाचून दाखवीन आणि निम्मी कुजबुज त्याच दिवशी थांबेल.

नाशिक शहरात राहणाऱ्यांना शरणपूर रस्ता माहीत नाही असे होत नाही. बँका, दवाखाने, दुकाने, वाहतुकीची कोंडी. या शहरात मिशनचे काम १८३२ च्या सुमारास सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसली. नावातच शरण आलेल्यांचे गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुले तिथे वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते आणि त्यांच्यापैकी जेकब वेनराइट तो देह घेऊन १८७४ मध्ये थेट लंडनपर्यंत गेला. मी शरणपूर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना, माझ्या विद्यार्थ्यांना, अगदी उपासनेला येणाऱ्या तरुणांनासुद्धा हे विचारून पाहिले आहे. रस्त्याचे नाव आहे, पण कशावरून आहे ते कोणाला ठाऊक नाही. शहर वाढले की असे होते आणि त्याला कोणी एक जबाबदार नसतो. आमच्या गावाला तर रस्त्याचे नावसुद्धा मिळणार नाही. समृद्धीच्या फाट्यांना क्रमांक असतात.

इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, असे कारण पुढे येईल, म्हणून तेही बोलून टाकते. काळ्या दगडाच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौले. भिंती ठणठणीत आहेत. गळते ते कौलांतून, आणि ओल येते ती मागच्या दुरुस्तीत उत्तरेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यामुळे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापले की आत शिरलेले पाणी आतच राहते आणि दगडांमधला चुना भुसभुशीत होतो. गिलावा काढून चुन्याचे दरजे भरणे आणि फुटकी कौले बदलणे, एवढे काम आहे. घोटीकडचा एक म्हातारा गवंडी अजून चुन्याचे काम करतो. त्याने येऊन पाहून सांगितलेली रक्कम मंडळीने लिहून ठेवली आहे; तिच्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग सुगीच्या लिलावातून आणि नाशिक-मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलांकडून जमला आहे. उरलेल्यासाठी आपल्याकडे हात पसरत नाही, फक्त काम करण्याची लेखी मंजुरी मागतो. ती मे अखेरपर्यंत मिळाली नाही तर आमच्याकडच्या पावसात आणखी एक वर्ष जाईल.

पाळकांची अडचण मला मान्य आहे. एका पाळकाकडे पाच-सहा ठिकाणे, त्यात पेट्रोलचा खर्च तुटपुंजा, आणि मुलांच्या शाळा नाशिकला. त्यांनी दर रविवारी यावे असा आमचा हट्ट नाही. प्रभुभोजनासाठी महिन्यातून एकदा येऊ द्या. उरलेल्या रविवारी उपासना चालवण्यासाठी मंडळीतल्याच तिघांना, त्यांतल्या निदान एका बाईला, आपण रीतसर नेमून द्या. वचन वाचता येते, प्रार्थना चालवता येते, भजन तर आम्हाला कोणी शिकवायला नको. माझ्या आजीने वाड्यांत जाऊन चाळीस वर्षे हेच केले आणि तिच्याकडे नेमणुकीच्या कागदाखेरीज दुसरी कोणती पदवी नव्हती. हजेरीही आम्हीच ठेवू: आवणीची वेगळी, सुगीची वेगळी, बुधवारची वेगळी. वर्षभराने ती पाहून जे ठरवायचे ते ठरवा, आणि ठरवण्यापूर्वी एकदा आमच्यात येऊन सर्वांसमक्ष सभा घ्या. जुलै सोडून कोणताही महिना चालेल.

देवळाची किल्ली सध्या आवारासमोरच्या घरात खुंटीला असते. ते घर ख्रिस्ती नाही. तिथल्या वहिनी रोज संध्याकाळी दार उघडून झाडतात आणि कोणी वारल्याचा निरोप आला तर घंटाही त्याच वाजवतात. आपल्या पत्रासोबत जे नवे कुलूप पाठवले होते ते मंडळीच्या सचिवांनी खोक्यातच ठेवले आहे. सभेच्या दिवशी आपल्याला परत देता येईल.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद
नाशिक